भाऊजींचं हवाई खातं

सरकारी कचेरीत काही माणसं प्रमोशनची वाट बघतात, काही महागाई भत्त्याच्या हप्त्याची आणि उरलेली साडेपाचची. अलीकडे यात एका चौथ्या जातीची भर पडली आहे. ही जात टूरची वाट बघते. टूरवर जाऊन करायचं काय, याच्याशी तिला फारसं कर्तव्य नसतं. बैठकीचा अजेंडा विमान उतरता उतरता चाळला तरी चालतो. पण तिकीट हातात आलं की हिची नजर तारखेवर जात नाही, वेळेवर जात नाही, नावाखालच्या एका बारीक ओळीवर जाते. तिथे आपला मेंबर नंबर छापला आहे ना? नसला तर त्या दिवशीचं सरकारी काम तिथेच थांबलं. मग एजंटाला फोन, विमान कंपनीला ई-मेल, ई-मेलची पोच न आल्याबद्दल दुसरा ई-मेल.

आमचे भाऊजी या जातीतले मानकरी. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि पुण्यातल्या एका केंद्रीय कार्यालयात लेव्हल बाराचे अधिकारी. लेव्हल बारा म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. सातव्या वेतन आयोगानंतर प्रवासभत्त्याचे जे नियम निघाले, त्यांत कुठल्या लेव्हलच्या माणसाला किती सुख सोसेल हे सरकारनं ठरवून टाकलं आहे. लेव्हल चौदा आणि वरच्यांना बिझनेस क्लास. बारा-तेरावाल्यांना इकॉनॉमी. त्यांनी हॉटेलात दिवसाला साडेचार हजारांपर्यंत राहावं, हजार रुपयांपर्यंत जेवावं आणि शहरात पन्नास किलोमीटरपर्यंत टॅक्सीनं हिंडावं. मात्र टॅक्सी बिगर-एसी. हे दर २०१७ सालचे. एसी टॅक्सीत बसून बिगर-एसीचं बिल लावणारे महाभाग पुष्कळ असतात. भाऊजी त्यातले नव्हेत. जूनच्या दिल्लीत ते एसी टॅक्सीवाल्याला एसी बंद करायला लावतात, चारी काचा खाली करवतात आणि उतरताना पावतीवर ‘एसी बंद होता’ असं त्याच्या सहीनिशी लिहून घेतात. अशा दोन फेऱ्या झाल्या की दिल्लीचा टॅक्सीवालासुद्धा नोकरशाहीबद्दल आदरानं बोलू लागतो.

थोडक्यात, माणूस सचोटीचा. ऑफिसच्या पेननं त्यांनी घरचा एक चेक कधी लिहिला नाही. मुलीच्या दहावीच्या मार्कलिस्टची झेरॉक्स ऑफिसच्या मशीनवर काढायला नकार देऊन ते भर दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले होते, आणि जाण्यापूर्वी त्या दहा मिनिटांसाठी ‘वैयक्तिक कामासाठी बाहेर’ अशी नोंदही करून गेले होते. दिवाळीत कुणा ठेकेदारानं काजू-बदामाचा डबा पाठवला, तर तो परत करताना ते डबा मिळाल्याची आणि डबा परत केल्याची अशा दोन पावत्या करतात. माझी ताई म्हणते, “यांच्याशी लग्न केल्यापासून मला फुकट काही मिळालेलं नाही. अपवाद फक्त उपदेशाचा.”

असा हा माणूस रात्री जेवण झालं की चष्मा पुसून मोबाईल हातात घेतो, विमान कंपनीचं अ‍ॅप उघडतो आणि शिल्लक पॉइंट बघतो. आकडा काल होता तोच असतो. तरी बघतात. मग किती पॉइंटांची मुदत कधी संपते आहे, ते बघतात आणि एक लांब सुस्कारा सोडतात. त्यांच्या हँडबॅगेला विमान कंपनीचा ‘गोल्ड’ लिहिलेला बिल्ला लटकत असतो. तो विमानापुरताच असता तर गोष्ट वेगळी. गावाकडच्या वास्तुशांतीला एसटीनं साताऱ्याला जातानाही तो तसाच असतो. स्वारगेटच्या कंडक्टरनं त्याची अद्याप दखल घेतलेली नाही.

हे वेड लागलं कसं, याचा मी बराच शोध घेतला. मूळ एका पत्रात सापडलं. भाऊजींना पहिलं सिल्व्हर कार्ड आलं, तेव्हा सोबत कंपनीच्या कुणा बड्या अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र होतं. आपल्यासारखे प्रवासी आमच्याबरोबर आहेत, याचा आम्हाला अभिमान वाटतो, असा काहीसा मजकूर. सही छापील होती, ‘प्रिय’च्या पुढचं नावही मशीननं घातलेलं होतं. पण भाऊजींची तोवरची हयात ‘असे निदर्शनास आले आहे की’ आणि ‘खुलासा तीन दिवसांत सादर करावा’ एवढाच पत्रव्यवहार वाचण्यात गेलेली. पगार देणाऱ्या सरकारनं त्यांच्याबद्दल अभिमान वाटत असल्याचं एकदाही कळवलेलं नाही. ते पत्र भाऊजींनी नेमणुकीच्या पत्राला टाचून ठेवलं आहे.

पूर्वी हा छंद सुरक्षित होता. सरकारी खर्चानं जायचं तर एअर इंडियानंच, असा दंडक होता आणि एअर इंडियाची ‘फ्लाइंग रिटर्न्स’ ही योजना होती. सरकारी पैशानं सरकारी विमानाचं तिकीट काढायचं, सरकारी कंपनीनं त्यावर पॉइंट द्यायचे आणि सरकारी नोकरानं ते मोजत बसायचं. सगळा व्यवहार घरातल्या घरात. २७ जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे गेली, त्या दिवशी टीव्हीवर लोक महाराजाच्या घरवापसीबद्दल गहिवरून बोलत होते. भाऊजींनी एकच प्रश्न विचारला, “जुने पॉइंट चालू राहणार ना?”

विमानं खाजगी झाली तसं सरकार सावध झालं. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अर्थ मंत्रालयाच्या व्यय विभागाचं फर्मान निघालं. तिकीट फक्त बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तिघांकडून काढायचं. प्रवासाच्या एकवीस दिवस आधी काढायचं. बहात्तर तासांच्या आत काढलं तर कारण लिहून द्यायचं. आणि मुख्य म्हणजे, तीन तासांचा एक स्लॉट धरून त्यात आपल्या पात्रतेच्या वर्गात जे थेट विमान सर्वांत स्वस्त, त्यानंच जायचं. दर दाखवणाऱ्या पानाची प्रिंट फाईलला जोडायची.

दुसरा कुणी इथे खचला असता. भाऊजींनी दोन रविवार घालवून त्या फर्मानाचा अभ्यास केला. स्वस्त विमान सक्तीचं आहे, पण स्लॉट कुठला धरायचा हे सक्तीचं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. “स्लॉट माझा, स्वस्ताई सरकारची,” असं ते दुसऱ्या रविवारी संध्याकाळी चहा पिताना म्हणाले. ज्या तीन तासांत त्यांच्याच कंपनीचं विमान सगळ्यांत स्वस्त पडतं, ते तीन तास त्यांना पंचांगासारखे पाठ असतात. आता विमान स्वस्त कधी असतं? ज्या वेळी शहाणी माणसं झोपलेली असतात तेव्हा. त्यामुळे बैठक दिल्लीला साडेअकराला असली तरी भाऊजी घरून पहाटे तीनला निघतात आणि परत येतात ते मध्यरात्री. सरकारचा एक पैसा जास्त जात नाही. उलट दर वेळी काही शे रुपये वाचतात, आणि तेही ते टीए बिलाच्या मार्जिनमध्ये पेन्सिलीनं लिहून ठेवतात. इंडिगोनं पॉइंटांची योजना काढली ती २०२४ मध्ये. तोवर ज्या स्लॉटमध्ये इंडिगो स्वस्त, तो स्लॉट भाऊजींच्या लेखी दिवसातून वजाच होता.

भाऊजी पहाटे निघतात, तेव्हा ताई उठून चहा करते. तिला याचे पॉइंट मिळत नाहीत.

आता या सगळ्यातली ग्यानबाची मेख. भाऊजींनी यातला एकही पॉइंट आजतागायत स्वतःसाठी वापरलेला नाही. वापरता येतच नाही. १३ जुलै २०१७ च्या ज्या ज्ञापनात टॅक्सी आणि जेवणाचे दर आहेत, त्याच ज्ञापनात माइलेज पॉइंटांचंही एक कलम आहे. सरकारी कामाच्या तिकिटांवर मिळालेले पॉइंट संबंधित खात्यानं आपल्या अधिकाऱ्यांच्या सरकारी प्रवासासाठीच वापरावेत. कुणी खाजगी प्रवासासाठी वापरले तर त्याच्यावर खात्यामार्फत कारवाई होईल. प्रवासाचा खर्च सरकारचा, तेव्हा त्याचा लाभही सरकारचाच, असं कारण दिलेलं आहे. हे ज्ञापन भाऊजींच्या कार्यालयातल्या लेखाधिकारी मॅडमच्या टेबलावर काचेखाली असतं. त्या कलमाखाली लाल रेघ आहे. भाऊजी टीए बिल घेऊन गेले की मॅडम बिलाकडे बघतात, काचेकडे बघतात आणि मग भाऊजींकडे बघतात. तोंडानं काही बोलत नाहीत. ऑडिटमध्ये आयुष्य काढलेल्या बाईला बोलावं लागत नाही.

वापरले तर व्हिजिलन्सची चौकशी, न वापरले तर कंपनीची मुदत. अशा कात्रीत भाऊजींचे पॉइंट अडकलेले आहेत. खात्याला द्यायचे म्हटले तर खात्याचं खातं नाही. कंपनी म्हणते, मेंबर व्यक्तीच होऊ शकते. सरकार म्हणतं, लाभ आमचा. मालक एक, खातेदार दुसरा, आणि दोघांच्या मध्ये रोज रात्री चष्मा पुसून शिल्लक बघणारे भाऊजी.

या विषयावरचं सगळ्यात शहाणं बोलणं मी ऐकलं ते ताईच्या स्वयंपाकघरात.

ताईनं विचारलं, “ऑफिसच्या स्नेहसंमेलनाची भाजी आणायला तुम्हाला ऑफिसच्या पैशानं मंडईत पाठवलं. भाजीवालीनं वर मूठभर कोथिंबीर घातली. ती कोथिंबीर कुणाची?”

“ऑफिसची,” भाऊजी क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले.

“मग पॉइंट?”

भाऊजींनी वरणात भात जरा जास्तच वेळ कालवला. “अगं, कोथिंबीर पिशवीत पडते. पॉइंट माझ्या नावावर पडतात. आणि पैसे सरकारचे हे कबूल, पण पहाटे तीनची झोप कुणाची? त्या मधल्या सीटवर अडीच तास आखडलेले गुडघे कुणाचे? भारत सरकारचे?”

“गुडघे तुमचेच. त्यासाठी भत्ता मागा. पण भाजीवाली कोथिंबीर का घालते, ते सांगा आधी. तुमच्या गुडघ्यांची दया येऊन नाही घालत. तुम्ही पुन्हा तिच्याकडेच यावं म्हणून घालते. स्वतःच्या पैशानं भाजी घेणारा चार ठिकाणी भाव विचारतो. दुसऱ्याच्या पैशानं घेणारा कोथिंबिरीची जुडी बघतो.”

भाऊजी गप्प बसले. मीही. कारण ताई बोलली ते या धंद्याचं मर्मच होतं. अमेरिकेत १९७८ मध्ये विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं. कंपन्यांची आपापसांत भाव पाडण्याची शर्यत लागली. तेव्हा १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सनं पॉइंटांची मोठी योजना काढली आणि पाठोपाठ बाकीच्यांनी. त्यातली खुबी अशी की कामासाठी उडणाऱ्या माणसाचं तिकीट बहुधा त्याची कंपनी काढते किंवा सरकार काढतं. पैसे देणारा एक, विमान निवडणारा दुसरा. बक्षीस निवडणाऱ्याला द्यायचं, म्हणजे तो देणाऱ्याचा खिसा विसरतो. खाजगी कंपन्यांनी बहुतेक ठिकाणी याकडे कानाडोळा केला. त्यांचा नोकर खूष राहिला तर त्यांचंही भागतं. सरकारला तसं चालत नाही. त्याच्या तिकिटात लोकांचा पैसा असतो आणि लोकांना वाटून देण्याइतकी कोथिंबीर कुणाकडेच नसते.

भाऊजींकडे याला उत्तर आहे, आणि ते उत्तर म्हणजे अमेरिका. एरवी भाऊजी अमेरिकेवर खार खाऊन असतात. तिथलं राजकारण, तिथला पिझ्झा, तिथे गेलेला त्यांचा भाचा, काहीच त्यांना पटत नाही. पण या एका बाबतीत ते अमेरिकेपुढे नतमस्तक आहेत. तिथेही पूर्वी सरकारी प्रवासाचे पॉइंट सरकारजमा होते. पण खातं माणसाच्या नावावर आणि मालकी सरकारची, हा हिशेब सांभाळता सांभाळता तिथली खाती टेकीला आली. शेवटी २८ डिसेंबर २००१ ला सही झालेल्या संरक्षण खर्चाच्या कायद्यात एक कलम घालून अमेरिकेनं सांगून टाकलं, की सरकारी नोकरानं हे पॉइंट स्वतःसाठी ठेवले तरी चालतील. ही तारीख भाऊजींना लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ आहे. “कायदा १०७-१०७, कलम १११६,” असं ते कधीकधी झोपेतही म्हणतात, असं ताईकडून कळतं.

अमेरिका भाऊजींकडे, तर जर्मनी मॅडमकडे. २००२ च्या उन्हाळ्यात ‘बिल्ड’ या वृत्तपत्रानं जर्मन पुढाऱ्यांची अशीच भानगड बाहेर काढली. सरकारी कामाच्या विमानप्रवासातून जमलेले लुफ्तान्साचे मैल त्यांनी खाजगी प्रवासाला वापरले होते. ग्रेगोर गीझी तेव्हा बर्लिन राज्याचे आर्थिक व्यवहार मंत्री होते. त्यांनी पद सोडलं. हरित पक्षाचे चेम ओझदेमीर यांचं नाव त्याच वेळी एका खाजगी कर्जावरूनही गाजत होतं. त्यांनी पक्षातलं पद सोडलं आणि निवडणुकीनंतर खासदारकीही स्वीकारली नाही. मॅडमनी हे भाऊजींना सांगितलं ते डब्यातली पोळी खाता खाता, अगदी सहज.

“सर, मंत्रिपद गेलं हो माणसाचं. विमानाच्या पॉइंटांपायी.”

भाऊजी घरी येऊन शोधत बसले आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन गेले. “मॅडम, तेच ओझदेमीर २०२१ मध्ये जर्मनीचे कृषिमंत्री झाले.”

“एकोणीस वर्षांनी,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या रिटायरमेंटला किती वर्षं राहिली, सर?”

आता तुम्ही म्हणाल, पॉइंट वापरायचे नाहीत, तर मग या माणसाला हवं तरी काय? याचं उत्तर मला एकदा दिल्लीच्या विमानतळावर मिळालं. मी माझ्या कामानं गेलो होतो आणि योगायोगानं परतीच्या विमानात भाऊजी होते. रात्रीचं विमान. गेटपाशी रांग लागलेली. तेवढ्यात काउंटरवरच्या मुलीनं माईकवर भाऊजींचं नाव पुकारलं. भाऊजींनी बॅगेचा बिल्ला बाहेरच्या बाजूला फिरवला आणि पुढे गेले. मी मागोमाग.

मुलगी हसून म्हणाली, “सर, आज इकॉनॉमी भरली आहे. आपण आमचे गोल्ड मेंबर आहात, म्हणून आपल्याला पुढे बिझनेसमध्ये बसवते. चार्ज काही नाही.”

दुसरा कुणी असता तर मुलीचं वाक्य पुरं होण्याआधी विमानात शिरला असता. भाऊजींनी खिशातून पेन काढलं. स्वतःचं.

“हे कुठल्या नियमाखाली?”

“सर, कॉम्प्लिमेंटरी आहे.”

“कॉम्प्लिमेंटरी म्हणजे भेट. भेटवस्तूंसाठी आम्हाला केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ आहेत. नियम तेरा.” मागची रांग चुळबुळू लागली. एका बाईनं मुलाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “शिवाय बिझनेस क्लासची माझी पात्रता नाही. मी लेव्हल बारा आहे.”

“नाही सर, बारा नाही, दोन. रो नंबर दोन. विंडो.”

भाऊजींनी डोळे मिटले. त्या क्षणी त्यांच्या मनात रो दोनमधली रुंद खुर्ची आली असेल, पाय लांब करता येतील ती जागा आली असेल आणि पाठोपाठ टेबलावरची काच आली असेल. डोळे उघडून ते म्हणाले, “नको. मला माझी सीट द्या.”

“नक्की, सर?”

“नक्की. फक्त एक करा.” इथे त्यांनी आवाज खाली आणला. “मघाशी नाव पुकारलंत ना, गोल्ड मेंबर म्हणून? हा माझा मेहुणा. याला ते नीट ऐकू गेलं नाही.”

ती मुलगी खरंच गुणी. एरवी दिवसभर माईकवर लोकांची घाई काढणारी, तिनं माईक पुन्हा तोंडाशी धरला आणि गोल्ड मेंबर अमुक अमुक यांचं आमच्या विमानात मनापासून स्वागत आहे, असं सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या. भाऊजींनी सगळ्यांकडे बघून हलकेच मान लववली आणि एकतिसाव्या रांगेत, दोन दणदणीत गृहस्थांच्या मधल्या सीटवर जाऊन बसले. पुण्यात उतरेपर्यंत त्यांचे दोन्ही कोपर पोटाशी होते आणि चेहऱ्यावर समाधान होतं.

माझ्यापुरता तरी या वादाचा निकाल त्या रात्री लागला. पॉइंट सरकारचे, यात मला शंका नाही. ताईच्या कोथिंबिरीपुढे अमेरिकेचं कलम टिकत नाही. पण फुकटच्या खुर्चीवर पाणी सोडणारा माणूस स्वतःचं नाव दोनदा ऐकायला रांग थांबवतो, तेव्हा त्याचा हिशेब पैशांचा नसतो. सरकारनं लाभ परत मागितला तो योग्यच. मात्र कौतुकाचं खातं उघडायचं त्याच्या कुठल्याच ज्ञापनात राहून गेलं, आणि ते काम एका विमान कंपनीनं छापील सहीवर स्वस्तात उरकलं.

पुढे भाऊजींना एक सात्त्विक कल्पना सुचली. पॉइंट खात्यासाठीच वापरायचे ना? मग वापरूया. कार्यालयात नुकतीच लागलेली एक तरुण अधिकारी दिल्लीला प्रशिक्षणासाठी जाणार होती. भाऊजींच्या खात्यातून दुसऱ्याच्या नावे तिकीट काढता येत होतं. सरकारचं भाडं वाचलं असतं, पॉइंट मुदतीत सत्कारणी लागले असते आणि १३ जुलै २०१७ चं ज्ञापन प्रथमच अक्षरशः पाळलं गेलं असतं. भाऊजींनी नोट पुट अप केली.

मॅडमनी ती दोनदा वाचली आणि प्रश्न काढले. एक, तिकीट तीन अधिकृत एजंटांकडूनच काढायचं आहे. पॉइंटांचं तिकीट विमान कंपनीच्या साइटवरच मिळतं. तेव्हा नियमात शिथिलता कोण देणार? दोन, पॉइंटांतून मूळ भाडं सुटतं, पण कर आणि शुल्क रोख भरावं लागतं. ते भाऊजी स्वतःच्या कार्डानं भरणार. मग प्रवास करणार एक आणि परतावा मागणार दुसरा, हे टीए बिलाच्या कुठल्या रकान्यात बसवायचं? तीन, शून्य रुपये हा त्या स्लॉटमधला सर्वांत कमी दर आहे, हे दाखवणारी प्रिंट जोडलेली नाही.

तिसरा प्रश्न वाचून भाऊजींचा मॅडमविषयीचा आदर दुणावला. त्यांनी प्रिंट जोडली.

फाईल दिल्लीला गेली. ती पोस्टानं गेली, त्यामुळे तिला पॉइंट मिळाले नाहीत. दिल्लीहून उत्तर आलं, ‘नियमानुसार कार्यवाही करावी.’ कुठल्या नियमानुसार हे विचारण्यासाठी ती पुन्हा गेली. तेच उत्तर पुन्हा आलं, या वेळी ‘तातडीने’ हा शब्द जास्त होता. तोवर प्रशिक्षणाची तारीख दोनदा पुढे ढकलली गेल्यानं एकवीस दिवसांचा नियम आपोआप पाळला गेला. कर आणि शुल्काची रक्कम भाऊजींनी देशाला अर्पण केली आणि तसं अर्पणपत्र फाईलला लावलं. मॅडमनी त्यावर ‘पाहिले’ असं लिहून सही केली. कार्यालयात इतिहास घडला.

मुलगी दिल्लीला गेली, प्रशिक्षण घेऊन आली. जाण्याआधी भाऊजींनी तिला हौसेनं मेंबर करून घेतलं होतं. नंबर कुठे टाकायचा, बिल्ला कुठे अडकवायचा, सगळं शिकवलं होतं. परत आल्यावर तिनं बिलाच्याही आधी मोबाईल भाऊजींपुढे धरला. खात्यात शून्य.

भाऊजींनी कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलानं समजावून सांगितलं, की पॉइंट देऊन काढलेल्या तिकिटावर नवे पॉइंट मिळत नसतात.

भाऊजी खुर्चीत बसले. “पोर एवढी दिल्लीपर्यंत जाऊन आली,” ते मॅडमना म्हणाले, “आणि प्रवास फुकट गेला.”

मॅडमनी चष्मा काढला. इतक्या वर्षांत त्यांना हसताना ऑफिसातल्या कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी फाईल ओढली आणि स्वच्छ अक्षरात शेरा मारला: ‘सदर प्रवासातून कोणतेही पॉइंट उद्भवलेले नाहीत. त्यामुळे त्यांच्या मालकीचा, विनियोगाचा व गैरवापराचा प्रश्न उद्भवत नाही. यापुढे या कार्यालयाचे सर्व हवाई प्रवास याच पद्धतीने करता येतील काय, याबाबत संबंधित अधिकाऱ्यांनी अभिप्राय द्यावा.’

संबंधित अधिकारी म्हणजे भाऊजी. त्यांनी तीन दिवस घेतले आणि चौथ्या दिवशी स्वतःच्या पेननं अभिप्राय लिहिला: ‘प्रस्ताव तत्त्वतः मान्य. तथापि त्याकरिता प्रथम पुरेसे पॉइंट जमा होणे आवश्यक असल्याने, अधोस्वाक्षरीकारास अधिकाधिक टूर देण्यात याव्यात.’